डोनटला टाळ्या, बालुशाहीला नाके

घरी ग्लेझ्ड केक डोनट केले की फोटो निघतात. बालुशाही मात्र 'गावठी'! मंडळी, फरक तो कितीसा? केक डोनटला यीस्ट लागत नाही, बेकिंग पावडर फुलवते. बालुशाहीत तेच काम सोडा-दही करतात. डोनटचे भोक असो वा बालुशाहीचा खळगा, मधला भाग कच्चा राहू नये एवढाच हेतू. आणि ग्लेझ? आपल्या जत्रेतल्या खाज्यावरचा आले-गुळाचा लेप दुसरे काय आहे? तेलंगणातल्या बेल्यात मराठी जगते ती रोज बोलली जाते म्हणून. पदार्थांचेही तसेच. डोनट जरूर करा, पण पोरांना खाजेही शिकवा. नाहीतर उद्या ते कागदावरच उरेल.