लाळेच्या रिपोर्टवरून जेवणाचं ताट ठरवू नका

हल्ली काही पेशंट साखरेच्या रिपोर्टसोबत एक रंगीत पुस्तिकाही टेबलावर ठेवतात. घरी नळीत लाळ भरायची, कुरियरने पाठवायची, काही हजार रुपये मोजायचे, की 'तुमच्या जनुकांना साजेसा आहार' हजर! मी स्पष्टच सांगतो: वजन कमी करण्यासाठी ही तपासणी करू नका.

जनुकांचा आणि आहाराचा संबंध नाही, असं मी म्हणत नाही. पण त्यावरून तुमचा आहार ठरवता येतो, हा दावा टिकत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जाड व्यक्तींवर वर्षभर अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमी चरबीचा आहार दिला, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा. 'जनुकांना जुळणारा' आहार मिळालेल्यांचं वजन अधिक उतरलं का? नाही. दोन्ही गटांत सरासरी साधारण साडेपाच-सहा किलो वजन घटलं आणि जनुकांवरून काहीच भाकीत करता आलं नाही.

लठ्ठपणाचं म्हणून गाजलेलं 'एफटीओ' जनुक घ्या. त्याच्या दोन्ही प्रती जोखमीच्या असल्या तरी वजनात सरासरी फरक पडतो तीनेक किलोचा. त्याला नशीब समजून हातपाय गाळायचे का?

खरा धोका पुढे आहे. रिपोर्टमध्ये 'ग्लुटेनची जोखीम' लिहिलेली दिसली की लोक पोळी सोडतात. सीलिॲक आजाराशी जोडलेली जनुकं असंख्य निरोगी माणसांत असतात. आजार होतो त्यांतल्या मोजक्यांनाच. त्याचं निदान रक्ततपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून होतं, आणि तेही तुम्ही गहू खात असतानाच. आधीच गहू बंद केलात, तर खरा आजारही तपासणीत लपून राहू शकतो. दुधाचंही तसंच: ते पचतं की नाही, हे तुमचं पोट फुकट सांगतं.

शिवाय जनुकांची माहिती पासवर्डसारखी बदलता येत नाही. 'ट्वेंटीथ्री अँड मी' ही या धंद्यातली नामांकित कंपनी. २०२३ मध्ये तिच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली, आणि २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

तेव्हा ते पैसे वाचवा. कमरेचा घेर मोजा, रक्तदाब तपासा, एचबीएवनसी आणि लिपिड प्रोफाइल करून घ्या. आई-वडिलांना मधुमेह होता का, हे डॉक्टरांना सांगा. आणि आज ताटात भात किती, भाजी किती, हे एकदा प्रामाणिकपणे बघा. त्याला नळी लागत नाही.