किल्ल्यांचा जुडगा

आमचे धाकटे बंधु सहकुटुंब आमच्यासमवेतच राहतात, हें नित्याच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्यांचा मुलगा रात्रीं आठास नोकरीवरून परततो, जेवतो, आणि पुनः संगणकापुढें बसून मध्यरात्रीपर्यंत कांहीं तरी करीत असतो. हें दुसरें काम बिनवेतनी आहे असें जेव्हां आम्हांस कळलें, तेव्हां आम्हीं विचारलें, "त्यांतून मिळतें काय?" हा प्रश्न पुष्कळ घरांतून विचारला जात असेल, म्हणून चिरंजिवाचें काम काय आहे, तें प्रथम सांगतों.

संगणकाचें यंत्र चालविणाऱ्या ज्या मूळ आज्ञावली आहेत, त्यांपैकीं लिनक्स ही एक. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें ती १९९१ सालीं लिहावयास घेतली. परंतु नुसत्या तिनें कोणाचें काम भागत नाहीं. पत्र लिहिण्याचें साधन एकानें केलेलें, चित्रें दाखविण्याचें दुसऱ्यानें, अक्षरांचे ठसे तिसऱ्यानें. हीं हजारों साधनें जमवून, पारखून, एकमेकांशीं जुळवून लोकांच्या हातीं देणाऱ्या संस्था पुढें निघाल्या. इयान मर्डॉक यांनीं १९९३ च्या ऑगस्टांत स्थापिलेली डेबियन ही त्यांतील जुन्यांपैकीं एक होय. ती कोणा कंपनीच्या मालकीची नाहीं. स्वयंसेवकांच्या श्रमावर ती चालते व तिचा प्रमुख दरसाल मतानें निवडला जातो. आपलें काम सदैव मुक्त ठेवूं व आपले दोष लपविणार नाहीं, असा जाहीर करार तिनें १९९७ सालीं केला. २०२५ च्या ऑगस्टांत निघालेल्या तिच्या तेराव्या क्रमांकाच्या आवृत्तींत ६९,८३० पॅकेजें आहेत. मराठी माणसास सांगण्याजोगी गोष्ट अशी कीं, ती आवृत्ति यंत्रावर बसवितांना सूचना मराठींतून वाचतां येतात. आणि २०२३ सालचें या मंडळींचें वार्षिक संमेलन आपल्याच देशांत, कोची येथें भरलें होतें.

हीं पॅकेजें म्हणजे साधनांच्या बांधून ठेवलेल्या पुड्याच. बहुतेक प्रत्येक पुडीचा एक रक्षक, किंवा रक्षकांचा एक गट, ठरलेला असतो. मूळ कर्त्यानें लिहिलेलें साधन आणावें. तें वांटण्याची मोकळीक त्याच्या परवान्यांत आहे ना हें पाहावें. त्यास दुसऱ्या कोणकोणत्या साधनांची गरज लागते तें नोंदवावें. लोकांच्या तक्रारी वाचाव्या. दुरुस्ती सांपडल्यास ती मूळ कर्त्याकडेहि पाठवावी. आणि सुरक्षिततेचा दोष निघाल्यास जुन्या आवृत्तींतहि तो बुजवावा, अशीं त्याचीं कामें. नवी पुडी प्रथम कच्च्या शाखेंत पडते. तेथें कांहीं दिवस गंभीर दोष न निघाल्यास ती परीक्षेच्या शाखेंत जाते, आणि सुमारें दोन वर्षांनीं पक्की आवृत्ति निघते. हें सर्व ऐकून आमची भावजय मुलास एवढेंच म्हणाली, "म्हणजे तूं कोठीघर सांभाळतोस." धान्य पिकविणारा निराळा, खाणारा निराळा, मध्यें निवडणारें, पाखडणारें, कीड पाहणारें कोणी तरी लागतें, व त्याचें नांव पंगतींत कोणी घेत नाहीं. आमची चार दिवसांची शंका तिनें एका वाक्यांत फेडली.

चिरंजिवाकडील पॅकेज लहान आहे. तारखा व कालमान यांचें गणित करणारें तें साधन. त्यावर दुसरीं अनेक साधनें विसंबतात. दोन वर्षें तो जुन्या जाणत्या रक्षकाच्या देखरेखीखालीं काम करी. आपली ओळख प्रत्यक्ष भेटींत पटवून दिल्यावर, स्वतःच्या सहीनें पुडी पाठविण्याचा अधिकार त्यास मिळाला. त्या दिवशीं घरांत पेढे आले होते. कशाचे, तें आम्हांस तेव्हां समजलें नव्हतें.

गेल्या पावसाळ्यांत बंधु आजारी पडले. मुलाच्या रात्रीं रुग्णालयांत जाऊं लागल्या. तक्रारींचा ढीग सांचला. त्यांतील एक सुरक्षिततेच्या दोषाविषयीं असून ती तीन आठवडे अनुत्तरित राहिली. बंधु घरीं आल्यावर एका रात्रीं चिरंजीवानें एक निवेदन लिहून आम्हांस वाचून दाखविलें. या पॅकेजाची निगा राखणें मला आतां शक्य नाहीं, कोणी तें घ्यावें, असा त्याचा आशय. त्यांच्या परिभाषेंत अशा पॅकेजास 'अनाथ' म्हणतात, आणि दुसऱ्यानें तें घेतलें म्हणजे 'दत्तक' घेतलें म्हणतात.

आम्ही संतापलों. अंगावर घेतलेलें काम अर्ध्यावर टाकणें आम्हीं विद्यार्थ्यांत कधीं खपवून घेतलें नाहीं. तो शांतपणें म्हणाला, "काका, काम तर तीन आठवड्यांपूर्वींच सुटलें आहे. तें सुटलें नाहीं असें मी लोकांस भासवीत होतों. आज तें थांबवितों आहें."

मग त्यानें एक्सझेडची गोष्ट सांगितली. माहितीचा आकार दाबून लहान करणारें हें साधन जगांतील बहुतेक लिनक्स यंत्रांत असतें. त्याचा भार वर्षानुवर्षें एकच गृहस्थ विनामूल्य वाहत होते. ते थकले होते, व तसें त्यांनीं उघड लिहिलेंहि होतें. काम सावकाश चालतें म्हणून कांहीं जण त्यांस टोंचूं लागले. एक कष्टाळू मदतनीस मात्र हाताशीं आला. दोनअडीच वर्षें चोख काम करून त्यानें विश्वास संपादिला, किल्ल्या मिळविल्या, आणि मग साधनांत एक चोरदरवाजा बसविला, कीं परक्या यंत्रांत दुरून शिरतां यावें. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास प्रवेशाच्या वेळीं सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. त्यानें मूळ शोधून काढलें व २९ मार्च २०२४ रोजीं सर्वांस सावध केलें. डेबियनच्या कच्च्या व परीक्षेच्या शाखांत तें विष शिरलें होतें. पक्क्या आवृत्तींत पोहोंचलें नव्हतें.

"थकलेला माणूस एकटा राहिला कीं किल्ल्या कोणाच्या हातीं जातील याचा नेम नाहीं," चिरंजीव म्हणाला. "म्हणून थकलों असें चारचौघांत सांगावें, आणि घेणाऱ्याचीं पहिलीं कामें दुसऱ्यानें तपासावीं."

आम्ही निरुत्तर झालों. कारण आमचें स्वतःचें एक जुनें पाप आम्हांस आठवलें. एका लहान गांवच्या वाचनालयाचे आम्ही अठरा वर्षें चिटणीस होतों. कोणतें पुस्तक कोणाकडे, वर्गणी कोणाची थकली, जुने अंक कोणत्या पेटींत, सर्व आमच्या डोक्यांत असे, व त्याचा आम्हांस अभिमान वाटे. मदतीस आलेल्या दोन तरुणांस "तुम्हांस नाहीं जमावयाचें" म्हणून आम्हींच परतविलें. पुढें आम्हांस विषमज्वर झाला. वाचनालय साडेतीन महिने बंद राहिलें, आणि उघडलें तेव्हां पोथ्यांच्या पेटीस वाळवी लागली होती. लोकांनीं आम्हांस दोष दिला नाहीं. उलट "तुमच्यावांचून चालत नाहीं" अशी स्तुति केली. ती स्तुति आम्हीं स्वीकारली. तीच खरी निंदा होती, हें कळावयास इतकीं वर्षें लागलीं.

फळाची इच्छा न धरतां कर्म करावें, हें आम्हीं वर्गांत पुष्कळ शिकविलें. पैशाचा लोभ सोडणें त्या मानानें सोपें. आपल्यावांचून अडतें या सुखाचा लोभ मात्र सुटतां सुटत नाहीं, आणि सेवा करणारांसच तो अधिक जडतो.

महिन्याभरानें ब्राझीलमधील एका मनुष्यानें तें पॅकेज दत्तक मागितलें. चिरंजीव त्याच्या शंकांस उत्तरें देतो, त्याचें काम तपासतो, आणि दहा वाजतां निजतो. बापास औषध देण्याची पाळी आतां त्याचीच असते.

आमच्या घराचें पट्टीचें पुस्तक, विम्याचे कागद, बँकेचीं खातीं, आडाच्या पाण्याचा करार, हें सर्व कोठें आहे तें आजपर्यंत एकट्या आम्हांसच ठाऊक होतें. परवां रात्रीं जेवणें झाल्यावर भावजयीस व चिरंजीवास समोर बसवून आम्हीं एका वहींत सर्व लिहून काढलें. लिहितां लिहितां दोन कागद आमच्याच स्मरणांतून गेलेले निघाले. ते अजून सांपडावयाचे आहेत. किल्ल्यांचा जुडगा आतां आमच्या उशाखालीं नसून देवघराशेजारच्या खुंटीवर असतो.

वाचकहो, आपल्या घरीं तो कोठें आहे?