गाणे तिचे, नाव कुणाचे?



संगीत वाहिन्यांचा इतिहास आपल्या शिबिरांतून नेहमी एकाच पद्धतीने सांगितला जातो. १९८१ साली अमेरिकेत एमटीव्ही निघाली, १९९१ मध्ये स्टारबरोबर उपग्रहावरून आपल्या घरांत आली, १९९४ ला तिच्या जागी चॅनल व्ही आले, १९९६ ला एमटीव्ही हिंदी बोलत परतली. आणि मग बाईचे शरीर बाजारात आले. जणू दुसरे काही घडणे शक्यच नव्हते. मला हे पटत नाही. वेगळे घडू शकले असते, निदान दोन-तीनदा तरी ते अगदी जवळ आले होते. ते कुठे अडले, हे पाहायला हवे.

मी कोल्हापुरात काम करते, तेव्हा सुरुवात इथूनच. १९६० च्या दशकात भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना 'आनंदघन' या नावाने संगीत दिलेले असे. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. कोल्हापूर त्यांना परके नव्हते. वडील गेल्यावर कुटुंबाचा भार अंगावर घेऊन त्या मास्टर विनायकांच्या कंपनीबरोबर इथे राहिल्या होत्या. तरीही संगीतकार म्हणून पाटीवर त्यांचे स्वतःचे नाव लागले नाही. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा कुठे आनंदघन कोण हे लोकांसमोर आले. टोपणनावामागची त्यांची कारणे काहीही असोत, पिढ्यान्‌पिढ्या मुलींना गाणारी बाई दिसली, चाल बांधणारी दिसलीच नाही. समजा, १९६३ पासून पडद्यावर 'संगीत : लता मंगेशकर' अशी अक्षरे आली असती तर? क्लासला जाणाऱ्या किती मुलींनी पेटीवर स्वतःची चाल लावून पाहिली असती! याच लताबाई साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून भांडल्या. कायद्याने गायकांना तो हक्क दिला तो २०१२ च्या दुरुस्तीत.

दुसरी वेळ नव्वदच्या दशकातली. चित्रपटात गाणारी बाई पडद्यामागे आणि ओठ हलवणारी पुढे, ही रीत संगीत चित्रफितींनी मोडली. गाणारीलाच चेहरा मिळाला. १९९५ साली 'मेड इन इंडिया'त अलिशा चिनॉय राणी होऊन वर निवडते आणि पाहण्याची वस्तू ठरतो मिलिंद सोमण. (हे उदाहरण दिले की शिबिरात आजही हशा पिकतो, आणि नंतरची चर्चा फार मोकळी होते.) २००० साली 'ब्रेकथ्रू' संस्थेने 'मन के मंजीरे' काढले. शुभा मुद्गल गायल्या. चित्रफितीत मीता वशिष्ठ ट्रक चालवते. जाचाचे घर सोडून गाडी चालवून पोट भरणाऱ्या एका खऱ्या बाईवरून ते सुचले होते. ही चित्रफीत संगीत वाहिन्यांवर लागली, लोकांनी आवडीने पाहिली. म्हणजे 'प्रेक्षकांना हेच हवे असते' हे वाहिन्यांचे पालुपद तेव्हाच खोटे ठरले होते.

मग २००२ ला 'काँटा लगा' आले. मूळ गाणे १९७२ च्या 'समाधी'तले, लताबाईंचेच. नव्या चित्रफितीतल्या शेफाली जरीवालाने पुढे मुलाखतीत सांगितले, त्या कामाचे तिला ७,००० रुपये मिळाले. गाणे देशभर वाजले. आक्षेप घेणाऱ्यांनी तिचे कपडे मोजले, पैसे कुणी मोजले नाहीत.

इथे माझे चळवळीशी भांडण आहे. १९९६ च्या बंगलोरच्या विश्वसुंदरी स्पर्धेला स्त्री संघटनांनी विरोध केला तेव्हा बाईच्या वस्तुकरणाचा मुद्दा आपला होता. पण शेजारीच संस्कृतिरक्षक उभे होते आणि त्यांना बाई घरात हवी होती. अश्लीलतेच्या चर्चेत हा फरक वारंवार पुसला गेला. 'बंद करा' ही मागणी सोपी होती. 'चाल कुणाची, करार कुणाशी, वाटा किती' हे विचारायला कामगार संघटनेची नजर लागते. आपण ती विडी कामगार बायकांसाठी वापरली, नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायकांसाठी मात्र क्वचितच. तमाशातल्या बाईबद्दल तर आपल्याला कणव असते. तिच्या मजुरीचा हिशेब आपण मागत नाही.

याच काळात तिसरा इतिहास मुकाट्याने ध्वनिमुद्रित होत होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. 'पारी' २०१७ पासून त्या प्रसिद्ध करते आहे, गाणारीचे नाव आणि गाव लिहून. बायकांनी रचलेले, बायकांनी गायलेले एवढे मोठे लोकप्रिय संगीत एमटीव्हीच्या आगमनाच्या वेळी आपल्याकडे होते. वाहिन्यांना ते दिसले नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्या पोस्टरांवरही ते फारसे आले नाही.

चॅनल व्ही २०१८ साली बंद पडले. आता वाहिनी मोबाइलमध्ये आहे, आणि २०२३ मध्ये नृत्यांगना गौतमी पाटील यांचे कपडे बदलतानाचे चोरून केलेले चित्रण त्याच मोबाइलवर फिरले. त्याच आठवड्यांत लोक त्यांच्या नाचाच्या सभ्यतेवर वाद घालत होते!

कागल तालुक्यातल्या एका बचत गटातल्या दोघीजणी सासूकडून शिकलेल्या ओव्या मोबाइलवर टाकतात. ऐकणारे वाढले आहेत. गटाच्या बैठकीत मी विचारले, पैसे सुरू झाले तर जमा कुठे होणार? एकीचे बँक खाते नवऱ्याबरोबर जोडखाते आहे. दुसरीचा चॅनल दिराच्या ईमेलवर उघडलेला आहे, पासवर्ड त्याच्याकडे. ओटीपीही त्याच्याच फोनवर येतो. पुढच्या महिन्याच्या बैठकीत दोघींची स्वतंत्र खाती उघडायचे फॉर्म भरायचे आहेत. दिराला सांगायचे कसे, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.