चोर सोडून कुकीला सुळी

घरच्या संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडेनासे झाले, की मदतकक्षाकडून, कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून आणि घरातल्या कॉलेजकुमाराकडून हमखास एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे ‘कॅशे आणि कुकी साफ करून पाहा’. पान कोरे दिसो, पैसे भरताना गाडी अडो किंवा सुरक्षिततेचा लाल इशारा येवो, नाडी न पाहता पुडी बांधून देणाऱ्या वैद्याप्रमाणे उतारा आधीच ठरलेला असतो. तो अधूनमधून लागू पडतो, ही त्यातली खरी अडचण आहे. कारण त्यामुळे उरलेल्या वेळी तो का लागू पडला नाही, हे कोणी विचारत नाही.

संकेतस्थळावरचा मजकूर मागवून पडद्यावर मांडणारी क्रोम, फायरफॉक्स किंवा एजसारखी प्रणाली म्हणजे ब्राउझर, आणि एकदा आणलेली चित्रे व आज्ञावलीच्या फायली पुन्हा आणाव्या लागू नयेत म्हणून तो संगणकावर जो साठा करून ठेवतो, तो कॅशे. कुकीचे काम वेगळे आहे. वेबच्या मूळ व्यवहारात प्रत्येक मागणी स्वतंत्र मानली जाते आणि क्षणापूर्वी कोण येऊन गेले याची सर्व्हरला आठवण नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी ओळख पटवणारी एक छोटी नोंद ब्राउझरकडेच ठेवण्याची युक्ती काढली, तीच कुकी. संकेतस्थळाने आपली फाईल बदलली आणि ब्राउझर मात्र जुनीच दाखवत राहिला, तर कॅशेला दोष देणे रास्त आहे. पण त्यासाठी कंट्रोल आणि एफ-५ या कळा एकत्र दाबून तेवढे पान ताजे मागवता येते. त्याऐवजी सरसकट सफाई केली, की ईमेलपासून वीजबिलापर्यंत सगळीकडची ओळख पुसली जाते, विसरलेले पासवर्ड नव्याने मागवावे लागतात आणि त्यांचा ओटीपी कधीच बंद केलेल्या मोबाइल क्रमांकावर रवाना होतो. मूळ बिघाड तोवर जागच्या जागी असतो.

हा बिघाड कित्येकदा ब्राउझरमध्ये नसतोच. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असलेल्या संकेतस्थळाला आपली ओळख पटवण्यासाठी डिजिटल प्रमाणपत्र सादर करावे लागते. ते कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य आहे हे सांगणारे दोन दिनांक त्यावर असतात, आणि त्यांच्याशी ताडून पाहण्याची ‘आजची तारीख’ ब्राउझर त्याच संगणकाच्या घड्याळातून घेतो. हे घड्याळ संगणक बंद असतानाही चालावे म्हणून मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवर, ‘सीआर २०३२’ नावाचा तीन व्होल्टचा चपटा सेल बसवलेला असतो. त्याचा व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर, असे मोजमाप त्याच्या नावातच आले आहे. भिंतीवरचे बटण चालू असेल तर बंद संगणकालाही अल्पशी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर भागवते, पण बटण बंद केले की सगळा भार सेलवर येतो. झोपण्यापूर्वी घरभर फिरून सगळी बटणे बंद करण्याची मध्यमवर्गीय शिस्त वीजबिलाच्या दृष्टीने स्तुत्य असली, तरी या सेलला ती मानवत नाही.

सेल संपला, की संगणक दुसऱ्या दिवशी मदरबोर्डाच्या आज्ञावलीत ठरवून दिलेल्या मूळ तारखेला, बहुधा काही वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीला, जागा होतो. त्या तारखेच्या हिशेबाने जगातली बहुतेक प्रमाणपत्रे अजून निघालेलीच नसतात, म्हणून ब्राउझर ती नाकारतो आणि कोणी तरी आपली माहिती चोरण्याच्या प्रयत्नात असू शकेल, असे गंभीरपणे बजावतो. क्रोमने थोडा समजूतदारपणा दाखवला असून, खात्री पटल्यास तो घड्याळ मागे असल्याचे स्पष्ट सांगतो. परंतु इशारा न वाचता बंद करण्याची सवय वापरणाऱ्यांना एव्हाना पक्की जडलेली आहे. विंडोजमध्ये इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय आहे खरी, पण ती किरकोळ फरक भरून काढण्यासाठी; तफावत वर्षांची झाली की ती अनेकदा हात टेकते. तारीख हाताने दुरुस्त केली तर दिवसभर सगळे सुरळीत चालते आणि रात्री बटण बंद झाले की सकाळी पुन्हा तेच, त्यामुळे संशय व्हायरसवर जातो. मग दुरुस्तीवाला संगणक नेऊन विंडोज नव्याने टाकतो, त्या ओघात तारीखही सुधारून देतो, आणि जो आजार एका सेलने बरा झाला असता त्याची फी वसूल होऊन रुग्ण घरी येतो, तो दुसऱ्या सकाळी पुन्हा आजारी पडण्यासाठी.

निदान अवघड आहे असेही नाही. तोच इशारा सगळ्याच संकेतस्थळांवर येत असेल तर आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख, त्यातही वर्ष, पाहावे. तो एकाच संकेतस्थळावर येत असेल आणि मोबाइलच्या डेटावरूनही येत असेल, तर दोष बहुधा त्या संस्थेच्या दारी असतो. एकच पान बिघडले असेल तर ते इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहावे, कारण तिथे जुन्या कुकी वापरल्या जात नाहीत आणि एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला चिकटवलेली जोडकामे, सहसा बंद असतात. काहीही न पुसता संशयित सापडतो. ‘ॲडव्हान्स्ड’वर टिचकी मारून इशाऱ्याला वळसा घालण्याचा जो धडा सायबर कॅफेत दिला जातो, तो मात्र निदानात मोडत नाही. अनेक मोठ्या संकेतस्थळांनी असुरक्षित जोडणी मुळीच स्वीकारू नये असे ब्राउझरला आधीच बजावलेले असल्याने तिथे ती वाटच दिसत नाही, हे त्यातल्या त्यात बरे.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या संयुक्त मंचाने २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयाने या विषयाला नवी धार आणली आहे. सप्टेंबर २०२० पासून एक प्रमाणपत्र जास्तीत जास्त ३९८ दिवस चालत असे. या निर्णयानुसार ही मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, त्याच्या पुढच्या वर्षी १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस होते. मागे पडलेल्या घरगुती घड्याळाला मिळणारी सवलत त्यामुळे वर्षावरून साधारण दीड महिन्यावर येईल. त्याहून मोठा प्रश्न वर्षातून एकदा करायचे नूतनीकरणही ज्यांच्या लक्षात राहत नाही अशा संस्थांचा आहे, कारण त्यांना ते यंत्राकडे सोपवावे लागेल, आणि तोपर्यंत त्यांचे मदतकक्ष आपल्याच मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर ग्राहकाच्या घरचा कॅशे साफ करवून घेत राहतील.