पाळी चुकते म्हणून पिशवी काढू नका

भगिनींनो, दसरा झाला की आमच्या कडा-आष्टी भागातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. निघण्याआधी कुणीतरी हळूच विचारते, "पाळी तीन-तीन महिने येत नाही, आली की थांबत नाही. हनुवटीवर केस आलेत. एकदाची पिशवीच काढून टाकावी का?" आम्ही स्पष्ट सांगतो, घाई करू नका.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीचीच धास्ती घेतलेल्या या आपल्याच आयाबहिणी.

पाळी लांबणे आणि चेहऱ्यावर केस येणे, ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर पुष्कळदा तो 'पीसीओएस' असतो. यात दोष पिशवीचा नसतो. अंडाशयात पुरुषी हार्मोन जास्त तयार होते, अंडे वेळेवर सुटत नाही. पिशवी काढली तरी केस राहतात, मधुमेहाचा धोका राहतो. मूल होण्याची वाट मात्र कायमची बंद होते.

मग करावे काय? मुलीची पाळी पहिली एक-दोन वर्षे मागेपुढे होते, त्याला घाबरू नये. पुढे वर्षातून आठपेक्षा कमी वेळा आली तर डॉक्टरांना दाखवावे. दिवस गेले आहेत का ते आधी पाहावे. मग थायरॉईड, साखर, रक्तदाब तपासावा. महिनोन् महिने पाळी न आल्यास पिशवीचे अस्तर जाड होते, म्हणून गोळ्या देऊन पाळी आणतात. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पाळी नियमित होते, केसही कमी होतात. पण त्याला सहा महिने धीर हवा. बिनलग्नाच्या पोरीला या गोळ्या दिल्या तर घरच्यांनी संशय घेऊ नये, ते औषध आहे. वजन जास्त असेल तर चार-पाच किलो उतरले तरी फरक पडतो.

केस दोऱ्याने काढा की वस्तऱ्याने, त्याने ते दाट होत नाहीत. मात्र आवाज घोगरा झाला, केस झपाट्याने वाढले तर लगेच दवाखाना गाठा. 'लग्न झालं की बरं होईल' यावरही विसंबू नका.

कुणी पिशवी काढायला सांगितलेच, तर कारण विचारा. बीडच्या जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. कागदावर सही किंवा अंगठा त्यानंतरच.