चाँदाच्या तारखेनं येणारं पाणी

हिजरी ३०३, म्हणजे इसवी सन ९१५-१६ च्या सुमाराची गोष्ट. बगदादचे एक गृहस्थ गुजरातमध्ये खंबायतच्या किनाऱ्यावर उभे राहून ओहोटी पाहत होते. नाव अबुल हसन अली अल-मसऊदी. इतिहासाचे आणि भूगोलाचे आलिम, आणि पायाला भिंगरी लागलेले प्रवासी. त्यांच्यासमोर समुद्र इतका मागे हटला होता की आखाताचा तळ उघडा पडून रेगिस्तानासारखा दिसत होता. त्या वाळूत एक कुत्रा निवांत पसरला होता. मग आखाताच्या तोंडाकडून पाणी आलं, आणि ते डोंगरासारखं आलं. कुत्र्याला चाहूल लागली. तो जीव खाऊन जमिनीकडे पळाला. पण पाणी त्याच्याहून वेगानं आलं आणि त्याला बुडवून पुढे गेलं.

‘मुरूजुज्-जहब’ या आपल्या ग्रंथात मसऊदींनी हे लिहून ठेवलं आहे. खंबायतबद्दल ते आणखीही बरंच सांगतात. तिथल्या करकर वाजणाऱ्या चपला, काठाची नारळाची झाडं, मोर, पोपट. तिथला कारभारी राष्ट्रकूट राजाच्या वतीनं राज्य पाहायचा, आणि बाहेरून आलेल्या मुसलमानांशी आणि इतर धर्मांच्या लोकांशी चर्चा करायची त्याला फार आवड होती. हे सगळं वाचायला गोड आहे. पण हजार वर्षांनंतर माझ्या मनात राहिला तो कुत्राच. आपल्या घरांत अंगठीतला अकीक पुष्कळांकडे असतो. तो अकीक घडवणारं हे गाव. बंदर मात्र गाळानं कधीच भरून गेलं आणि जहाजं यायची थांबली.

मसऊदी दुसऱ्या वर्षी आपल्या कोकणात आले. अरब ज्याला सैमूर म्हणत, ते आपलं रायगड जिल्ह्यातलं चौल. शिलाहार राजा झंझ याच्या राज्यात तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचं त्यांनी लिहिलं आहे. ओमान, सिराफ, बसरा, बगदाद इथून आलेले, आणि इथेच जन्मलेलेही. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या आपल्या वस्तीची ही फार जुनी नोंद आहे, आणि ती करणारा माणूस आदल्याच वर्षी त्या पाण्याचा डोंगर पाहून आला होता.

भरती तर आपल्या किनाऱ्यावर रोज दोनदा सगळीकडेच येते. मग खंबायतला ती भिंतीसारखी का यावी? खंबायतचं आखात नरसाळ्यासारखं आहे. दीव ते दमण एवढं रुंद तोंड, आणि वर मही नदीच्या मुखापाशी अरुंद गळा. रुंद तोंडातून शिरलेलं पाणी पुढे सरकताना दोन्ही काठांमध्ये आवळत जातं. बाजूला जागा नाही, म्हणून ते वर चढतं. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांतला फरक पाच मीटरच्या आसपास असतो. त्याच आखातावर भावनगरला तो दहा मीटरच्या घरात जातो. त्यात तळ उथळ. उथळ पाण्यात लाटेचा पुढचा भाग अडखळतो, मागचं खोल पाणी त्याला गाठतं, त्याच्यावर चढतं. समोरून नदी समुद्राकडे वाहत असतेच. ही ढकलाढकली एका रेषेवर येते आणि ती रेष उभी राहून नदीत वर चालू लागते. सहा तासांत हळूहळू चढायचं पाणी काही क्षणांत हातभर, पुरुषभर चढतं. चीनमधल्या च्येनतांग नदीत हाच प्रकार सगळ्यांत मोठा दिसतो. चिनी चंद्रवर्षाच्या आठव्या महिन्याच्या १८ तारखेला तो बघायला तिथे जत्रा भरते.

आपल्या देशात हा देखावा पाहायचा तर कोलकात्याला हुगळीच्या काठी जावं. तिथे त्याला ‘बान’ म्हणतात, आणि मोठ्या उधाणाला जो येतो त्याला ‘षाँडाषाँडीर बान’, म्हणजे दोन सांडांच्या टकरीसारखा. एका निकाहच्या निमित्तानं गेलो होतो तेव्हा तो मी पाहिला. चाँदाची सोळा तारीख होती. जोहरला अजून वेळ होता. घाटावर पोलिस भोंग्यावरून बंगालीत आणि हिंदीत बजावत होते: पायऱ्या सोडा, वर या. आंघोळीची माणसं सवयीनं वर येत होती. नदी मात्र अगदी शांत, जलपर्णीचे पुंजके घेऊन समुद्राकडे चाललेली. मला नवल वाटलं ते होडीवाल्यांचं. धोका येणार म्हणून सगळे काठावर येत होते आणि हे लोक काठाच्या होड्या सोडून भर नदीत निघाले होते. एका पांढऱ्या दाढीच्या मांझीला मी हाक मारून विचारलं, “चाचा, बीच में डर नहीं लगता?” दोर सोडता सोडता ते म्हणाले, “डर तो किनारे पे है बाबू.”

आधी आवाज आला, लांबून मालगाडी यावी तसा. मग दक्षिणेच्या वळणावर दोन्ही काठांना धरून एक पांढरी रेघ दिसली. मधोमध फेस नव्हताच, नुसता एक लांब फुगवटा. त्या फुगवट्यावर होड्या एकापाठोपाठ एक वर गेल्या आणि खाली आल्या, झोपाळ्यासारख्या. काठाला मात्र पाणी फुटत, आपटत, घाटाच्या पायऱ्या गिळत आलं. आम्ही जिथे चपला काढून बसलो असतो ती पायरी दिसेनाशी झाली. सगळं मिनिटभरात. मग पाहिलं तर मघाशी समुद्राकडे गेलेले जलपर्णीचे पुंजके उलटे, उत्तरेकडे निघाले होते.

चाचांचं म्हणणं खरं होतं. मध्ये पाणी खोल, तिथे लाट मोडत नाही. उथळ काठाला ती मोडते. बंगालच्या नद्यांची मोजणी करणाऱ्या जेम्स रेनेलनंही १७८१ मध्ये छापलेल्या आपल्या निबंधात हेच नोंदवलं आहे: बान येताना दिसला की नावा किनारा सोडून मध्यावर जातात, आणि कोलकात्याला पाणी कधी कधी एकदम पाच फूट चढतं. होडीवाल्यांच्या घराण्यात ही गोष्ट बापाकडून मुलाकडे आली. कुठल्या दिवशी जपायचं हेही तसंच आलं. अमावास्या, पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस. त्या वेळी सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, आणि पाणी सगळ्यांत जास्त चढतं, सगळ्यांत जास्त उतरतं. आपण त्याला उधाण म्हणतो. सप्तमी-अष्टमीनंतर भांग येतं, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं.

चंद्राशी असलेलं हे नातं ओळखायला आपल्या आलिमांनी फार मेहनत घेतली होती. नवव्या शतकात अल-किंदी यांनी भरती-ओहोटीच्या कारणांवर स्वतंत्र रिसाला लिहिला. त्यांना वाटलं चंद्राच्या हालचालीनं पाणी तापून फुगतं. ते चुकलं, खरं कारण, गुरुत्वाकर्षण, न्यूटननं १६८७ मध्ये मांडलं. अबू मअशर बल्खी यांनी चंद्राच्या कलेप्रमाणे भरती कशी कमीजास्त होते हे तपशिलानं लिहिलं, आणि त्यांचं पुस्तक बाराव्या शतकात लॅटिनमध्ये जाऊन युरोपात पुढे कितीतरी पिढ्या वाचलं गेलं.

एवढं सगळं सांगण्याचं कारण आपल्या भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर. त्यातली हिजरी तारीख आपण रोजा, ईद आणि उर्स यांच्यासाठी पाहतो. तीच पाण्याचीही तारीख आहे. रमजान ईद नेहमी चाँद दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी. आणि उधाण नेमकं तेव्हाच ऐन भरात असतं. दरवर्षी. ईद उन्हाळ्यात येवो, पावसाळ्यात येवो, शव्वालची एक, दोन, तीन या तारखा उधाणाच्याच असतात. बकरी ईदला तसं नसतं. जिल्हजची दहा तारीख म्हणजे भांगाचे दिवस किंवा भांग नुकतं सरलेलं. म्हणजे वर्षातून ज्या दोन दिवशी आपली कुटुंबं मुलाबाळांसह समुद्राकडे सगळ्यांत जास्त निघतात, ती ईद आणि बासी ईद, त्या दोन्ही दिवशी समुद्र सगळ्यांत जोरात असतो. मुंबईकरांना हे हाजी अलीला दिसतं. ईदच्या दुपारी गर्दी अर्ध्या वाटेत थांबलेली असते, कारण दर्ग्याचा रस्ता पाण्याखाली असतो.

आपल्या कोकणाच्या खाड्यांत भिंत उभी राहत नाही. ही मला तर सोय वाटत नाही. हुगळीचा बान आधी आवाज देतो. आपल्याकडे पाणी गुपचूप येतं. अलिबागला ओहोटीच्या वेळी लोक कुलाबा किल्ल्यात चालत जातात, तासभर रमतात, आणि परत निघावं तर मधली वाट भरलेली. चौपाटीवरही तसंच. वाळूची उंच पाठ समुद्राकडे असते आणि तिच्या अलीकडे सखल पट्टा. मुलं पाठीवर खेळत असतात, पाणी आधी मागच्या पट्ट्यात शिरतं. ते बघायला त्या वेळी कुणी मागे वळलेलं नसतं.

भरती सारख्या वेगानं चढत नाही हेही माहीत हवं. सहा तासांतल्या पहिल्या तासात एकूण पाण्याचा बारावा हिस्सा येतो. वाटतं, बराच वेळ आहे. पण तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून अर्धं पाणी येतं.

वेळ काढायचा हिशेब कोकणातले जुने लोक तोंडी करतात: तिथीची पाऊणपट. तिथी चौथी असेल तर पाऊणपट तीन, म्हणजे दिवसा आणि रात्री तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. आपली चाँदाची तारीख तिथीच्या एखाद-दोन दिवस मागे चालते, म्हणून तिच्यात एक मिळवून पाऊणपट करावी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अंदाज येतो. पक्की वेळ हवी तर वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर रोजची मिळते.

बासी ईदचंच करून पाहा. शव्वालची दोन तारीख. एक मिळवला, तीन. पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती आणि सकाळी आठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. घरातून नाश्ता करून, डबे भरून, गाडी काढून कुटुंब किनाऱ्यावर पोचतं ते दहाला. तेव्हा वाळू लांबच लांब उघडी दिसते, मुलं धावत सुटतात, आणि भरतीचे तिसरा-चौथा हे दोन तास नेमके दहा ते बाराचे असतात.