रंगाची बरणी वेगळी, तिखटाची वेगळी



फाल्गुन सरत आला की आपल्या वऱ्हाडात घरोघर वर्षाच्या तिखटाची तयारी सुरू होते. बाळापूर तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचे पाणी खारे, आणि मिरचीच्या झाडाला खारे पाणी मानवत नाही. म्हणून कपाशी, तूर, हरभरा घरचा असला तरी मिरची पुष्कळ घरांना बाजारातूनच आणावी लागते. विकतची वस्तू म्हटली की पारख आली. ती पारख आणि पुढची घरची कामे आज पाहू.

एक गोष्ट आधी पक्की ध्यानात घ्या. मिरचीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग येतो सालीतल्या कॅप्सँथिन या द्रव्याने. तिखटपणा येतो कॅप्सेसिनने. बी तिखट असते असा आपला समज आहे. पण खरा तिखटपणा असतो तो बी ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेले असते त्या गाभ्यात. त्यामुळे लालभडक मिरची तिखट असेलच असे नाही, आणि तिखटजाळ मिरची लाल असेलच असेही नाही.

हे माहीत नसले की काय होते? रश्शावर तर्री दिसावी म्हणून घरची बाई तिखट वाढवत जाते. तर्री येते, पण लेकरे ताट बाजूला सारतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या पोटात आग पडते. नाहीतर मग बाजारातली रंग मिसळलेली पूड घरात येते. ते तर त्याहून वाईट.

यावर उपाय सोपा. एकाऐवजी दोन बरण्या ठेवा.

रंगासाठी ब्याडगी घ्या. ही कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याकडची सुरकुतलेली, लांब, गडद लाल मिरची. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. तिखटासाठी आपल्या विदर्भातली भिवापुरी किंवा गुंटूरकडची मिरची घ्या. साधारण दोन किलो ब्याडगीला एक किलो तिखट मिरची हे प्रमाण धरून पहा. पण दळताना मिसळू नका. दोन्ही पुडी वेगळ्या ठेवल्या की ज्याच्या ताटाला जसे मानवेल तसे घालता येते.

लेकरांसाठी आणखी एक करा. पावभर ब्याडगी उभी चिरून बी व पांढरा गाभा काढून टाका आणि नुसती साल दळा. युरोपात हंगेरी देशात, सेगेद आणि कालोचा या गावांकडे, जी गोड पाप्रिका करतात ती जवळपास अशीच. वरणात, बटाट्याच्या भाजीत, ताकाच्या कढीवर ती चिमूटभर टाकली की रंग येतो आणि तोंड भाजत नाही.

घेताना पारख

मिरची मुठीत धरून हलवा. आतले बी खुळखुळले पाहिजे. वाकवली तर कडकन मोडली पाहिजे. मऊ राहून नुसती वाकत असेल तर ती ओली आहे. वजन वाढवण्यासाठी पाणी मारलेले असू शकते. पांढरे डाग पडलेली फटकी मिरची घेऊ नका. दोन-चार मिरच्या मोडून आत पहा. आत करडी-काळी भुकटी दिसली की ती बुरशी समजा.

या बुरशीला हलक्यात घेऊ नका. ओल राहिलेल्या मिरचीवर जी बुरशी वाढते तिच्यापैकी एक जात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड खाऊन एक लाखावर टर्की कोंबड्या मेल्या, तेव्हा या विषाचा छडा लागला. ते यकृताला घातक आहे. ऊन दाखवून, भाजून किंवा फोडणीत टाकून ते जात नाही. म्हणून बुरशीची मिरची वाया जाऊ नये म्हणून जनावरांना किंवा कोंबड्यांना घालू नका. गाईच्या पोटात गेलेले हे विष तिच्या दुधात उतरते. सरळ पुरून टाका.

तयार पूड घ्यायची असेल तर

दळलेला मसाला सुटा विकायला कायद्याने मनाई आहे. बंद पाकीट, त्यावर तारीख आणि परवाना क्रमांक पाहूनच घ्या. पेलाभर पाण्यावर चिमूटभर पूड टाका. रंगाच्या रेघा लगेच खाली उतरू लागल्या तर पाण्यात विरघळणारा रंग मिसळला आहे. तळाशी बसलेला गाळ बोटाने चोळून पहा. खरखरीत लागला तर विटेची भुकटी किंवा वाळू आहे. मात्र सूदान नावाचा कापड-मेणाला वापरायचा रंग तेलात विरघळणारा असतो, तो या परीक्षेत सापडत नाही. हा रंग २००३ साली भारतातून युरोपात गेलेल्या मिरचीपुडीत सापडला, आणि २००५ साली एकट्या ब्रिटनमध्ये चारशेहून अधिक पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. त्याचा पत्ता प्रयोगशाळेतच लागतो. म्हणून आपल्यासमोर दळलेले तिखट बरे.

निवडणे आणि दळणे

देठ खुडण्याआधी हातांना तेल चोळा. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. हात झोंबले तर आधी तेल चोळून पुसा, मग साबणाने धुवा. तोंड भाजले तर पाणी पिऊन उपयोग नाही. दूध किंवा दही घ्या.

निवडलेली मिरची ताडपत्रीवर किंवा स्वच्छ कापडावर पातळ पसरा. उघड्या जमिनीवर नको, माती लागते. दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, संध्याकाळी झाकून ठेवा. दळण थोडेथोडे टाका, कारण चक्की तापली की रंग काळवंडतो. आणलेली पूड गरम असतानाच बरणीत भरू नका. कापडावर पसरून पूर्ण निवू द्या, नाहीतर आत घाम धरून गोळे होतात.

उजेडाने रंग उडतो. काचेची बरणी असेल तर अंधाऱ्या फडताळात ठेवा, आणि चमचा कोरडा असू द्या. अख्ख्या मिरचीपेक्षा पुडीचा रंग लवकर फिका पडतो. जमत असेल तर वर्षाचे सगळे एकदम न दळता तीन-तीन महिन्यांचे दळा.

पातोडीचा रस्सा

चवीचे मीठ, हळद, ओवा घालून एक वाटी बेसन सव्वा वाटी पाण्यात घट्ट शिजवा. तेल लावलेल्या ताटात थापून वड्या पाडा. दोन कांदे आणि पाव वाटी सुके खोबरे भाजून, आठ-दहा लसूण पाकळ्या व आल्याचा तुकडा घालून वाटा. चार चमचे तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परता.

आता खरी गोष्ट. भांडे चुलीवरून खाली उतरवा. रंगाच्या बरणीतले दोन लहान चमचे आणि तिखटाच्या बरणीतला अर्धा चमचा घाला, दोन वेळा हलवा, आणि लगेच अर्धी वाटी गरम पाणी ओता. कडकडीत तेलात पूड क्षणात करपते, कडू होते आणि तिचा रंग तपकिरी पडतो. हंगेरीतल्या बायाही पाप्रिका घालताना भांडे असेच विस्तवावरून उतरवतात. कोमट तेलात रंग सुटतो आणि पाणी पडले की करपणे थांबते. मग भांडे चुलीवर ठेवून साडेतीन वाट्या गरम पाणी, मीठ व काळा मसाला घाला, दहा मिनिटे उकळा आणि वाढण्याआधी पातोड्या सोडा. तर्री आपोआप वर येईल, तेवढ्यासाठी तिखट वाढवावे लागणार नाही.

यंदा दळणाला जाल तेव्हा दोन पिशव्या घेऊन जा. खर्च फारसा वाढत नाही, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकाच पातेल्यातले जेवतात.